कावासाकी: आयव्हीआयजी लागू पडेल का, हे आधी कसं ओळखायचं

कावासाकी म्हणजे लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणारा तापाचा आजार. त्यातल्या साधारण १० ते २० टक्के मुलांचा ताप किलोला २ ग्रॅम आयव्हीआयजी (शिरेतून द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे अँटिबॉडी) देऊनही हटत नाही. डोस संपून ३६ तास उलटल्यावरही ताप राहिला किंवा परत आला, की त्याला रेझिस्टन्स म्हणायचं. या मुलांच्या कोरोनरी (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या) फुगण्याचा धोका जास्त, म्हणून अंदाज पहिल्या बाटलीआधीच बांधायचा.

त्यासाठी जपानचा कोबायाशी स्कोअर (२००६) वापरतात. प्रत्येकी २ गुण: सोडियम १३३ किंवा कमी, एएसटी (यकृताची रक्ततपासणी) १०० किंवा जास्त, न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ८० टक्के किंवा जास्त, उपचार तापाच्या चौथ्या दिवशी किंवा त्याआधी सुरू. प्रत्येकी १ गुण: सीआरपी (सूज दाखवणारी रक्ततपासणी) १० किंवा जास्त, प्लेटलेट ३ लाख किंवा कमी, वय १२ महिने किंवा कमी. एकूण ४ च्या वर गेलं किंवा ४ झालं, तरी धोका जास्त धरा.

चूक सर्वात जास्त सीआरपीत होते. स्कोअरमधला १० हा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहे, आपल्याकडचे बहुतेक रिपोर्ट प्रति लिटरमध्ये येतात. म्हणजे तिथे १०० हवेत. समजा जतहून चौदा महिन्यांचं बाळ पाचव्या दिवशी मिरजेला आलं: सोडियम १३२, प्लेटलेट २.८ लाख, सीआरपी ४८ (प्रति लिटर), बाकी ठीक. बरोबर बेरीज ३. एकक न बघता ४८ ला गुण दिला, की ४, आणि बाळ उगाच धोक्याच्या गटात.

दिवस मोजताना ताप आला तो दिवस पहिला. आईला नेमकं विचारा. गावातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची तारीख औषध घेतल्याची असते, ताप आल्याची नव्हे. रक्त आयव्हीआयजीच्या आधीचंच हवं. नंतर ईएसआर (सूज दाखवणारी दुसरी रक्ततपासणी) तर त्या औषधानेच वाढतो, तो बघून काही ठरवू नका.

स्कोअर कमी आला म्हणून मात्र निर्धास्त राहू नका. जपानबाहेरच्या मुलांत तो बऱ्याच रेझिस्टंट केसेस निसटू देतो. म्हणून सांगली-मिरजेला पाठवतानाच टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) सांगून ठेवा: कोरोनरीचा झेड स्कोअर (बाळाच्या आकारमानाने धमनी सरासरीपेक्षा किती रुंद, त्याचं माप) २.५ किंवा जास्त, किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, तर बेरीज काहीही येवो, धोका मोठाच. अशांना आयव्हीआयजीसोबतच स्टिरॉइड द्यायचं का, हे बालहृदयरोगतज्ज्ञांशी त्याच दिवशी बोलून ठरवा. इकोच्या तारखेसाठी आयव्हीआयजी मात्र अडवू नका.

बाटली कधी संपली ती वेळ केसपेपरवर ठळक लिहा, ३६ तास तिथूनच मोजायचे. या काळात दर सहा तासांनी पॅरासिटामॉल चालू ठेवलं, तर ताप झाकला जातो.