आधी एकट्यानं चक्कर मारा, मग कुत्र्याला न्या

आमच्या कुत्र्याचं नाव टप्पा. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून काढली, दुसरं नाव सुचणार कुठून? एसटीच्या भाड्याचा टप्पा सहा किलोमीटरचा असतो. आमचा टप्पा दीड किलोमीटरवर रस्त्यातच बसकण मारतो आणि मी डबल बेल दिल्याशिवाय हलत नाही. गावठी, तांबडा, एक कान पडलेला.

आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला हिंगण्यात राहतो. सोसायटीत कुणी नवीन पिल्लू आणलं की मला गाठून विचारतात, "काका, तुम्ही याला फिरवायला कुठं नेता?" जागेचं नाव सांगून भागत नाही, कारण माझी जागा तुमच्या कुत्र्याला चालेलच असं नाही. जागा शोधायची कशी, तेवढं सांगतो.

सगळ्यांसारखा मीही आधी बागेत गेलो होतो. हिरवळ, बाकडी, झकास फरशी. फाटकातच वॉचमननं हात आडवा केला आणि पाटीकडं बोट दाखवलं. महापालिकेच्या बहुतेक बागांत हेच होतं, तेव्हा बागेचा नाद सोडा. चिडूही नका, तिथं लहान पोरं अनवाणी खेळतात.

मग मोबाइलवर नकाशा उघडा, पण नुसतं हिरवं बघून भुलू नका. आमच्याकडून खडकवासल्याच्या बाजूला पाहिलं तर नदीपलीकडं भलंमोठं हिरवं दिसतं. ते एनडीएचं, म्हणजे लष्कराच्या प्रबोधिनीचं, तिथं तुम्हालाच कुणी सोडणार नाही, तर कुत्र्याचं काय! जवळचं हिरवं बघावं तर कुणाच्या तरी बंगल्याचं आवार निघतं. नकाशावर मी बघतो ते रस्ते: जे कुठंच जात नाहीत, शेवटी बंद होतात. तिथं गाड्या येत नाहीत. मोकळे प्लॉट, शाळेमागची गल्ली, टेकडीच्या पायथ्याची कच्ची वाट. अशा तीन-चार जागा कागदावर लिहून काढा. माहिती मात्र माणसांकडूनच मिळते. पेपरवाला, दूधवाला आणि रात्रपाळीचा वॉचमन हे तिघं पहाटे जागे असतात, कुठल्या गल्लीत कुत्री अंगावर येतात ते त्यांना पाठ असतं.

आता मुख्य काम. ज्या वेळी कुत्र्याला न्यायचं, त्याच वेळी त्या जागी एकट्यानं जायचं. रविवारी दुपारी बघून आलात तर काही कळणार नाही. मी पहाटे पावणेसहाला जायचो आणि तिथंच वीस मिनिटं उभा राहायचो. सगळ्यात आधी भटकी कुत्री मोजायची. नुसता आकडा नको, कोण कुठं बसतं ते बघायचं. त्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात. आमच्या मागच्या गल्लीत ट्रान्सफॉर्मरपर्यंत काळ्याचं राज्य, तिथून पुढं एका लंगड्या कुत्रीचं. हद्दीच्या बरोबर सांध्यावर आपलं कुत्रं नेलं की दोन्हीकडून भुंकणं सुरू. कानाला खाच असलेली कुत्री नसबंदी झालेली असतात, ती सहसा कमी कटकट करतात. पिल्लं असलेली कुत्री दिसली तर ती गल्ली दोन-अडीच महिने विसरा. खिशात बिस्किटाचा पुडाही नको. मी एकदा नेला होता, सहा कुत्री घरापर्यंत पोचवायला आली.

दुसरं बघायचं ते जमिनीवर, आणि त्यासाठी खाली वाकायचं. आपल्याला उभ्यानं मैदान स्वच्छ दिसतं. वाकून पाहिलं की बाटलीच्या काचा, मटणाची हाडं, पतंगाचा मांजा दिसायला लागतो. जिथं रात्री पार्ट्या होतात, तिथं कितीही गवत असलं तरी नको.

आमच्या भागातली सोयीची वाट म्हणजे कालव्याकडेची. खडकवासला धरणाचा मुठा उजवा कालवा हिंगण्यावरून पर्वतीकडं जातो. काही ठिकाणी काठानं चांगलं चालता येतं, सावलीही आहे. पण तिथं पट्टा सोडायचा नाही म्हणजे नाही. कालव्याचे काठ उतरते असतात, आत पडलेल्या कुत्र्याला पाय रोवायला जागा मिळत नाही आणि आवर्तन, म्हणजे धरणातून कालव्यात पाणी सोडणं, सुरू असलं की पाण्याला ओढ असते. 2018 च्या सप्टेंबरात हाच कालवा दांडेकर पुलाजवळ फुटला आणि रस्त्यावर पूर आला होता. नदीकाठाचंही तसंच. उन्हाळ्यात विठ्ठलवाडीकडं सुखानं उतरा, पावसाळ्यात आधी धरणातून पाणी सोडलंय का ते बघा. 2024 च्या जुलैत एकतानगरीत पाणी शिरलं, ते इथून लांब नाही.

टेकडी हा पुणेकराचा जीव की प्राण. तळजाई, पाचगाव-पर्वती, पलीकडं वेताळ. पण यातली बरीच जमीन वनखात्याची आहे, तेव्हा पाटी वाचायची, रखवालदाराला विचारायचं. नाही म्हणाला तर 'सोडा हो साहेब' करत बसायचं नाही. तिथं मोर आहेत, ससे आहेत. उन्हाळ्यात टिटवी उघड्या मुरमावर अंडी घालते, ती डोक्यावर ओरडत फिरायला लागली की ओळखायचं आणि कुत्र्याला घेऊन मागं वळायचं. अभयारण्यात तर नेऊच नका. सिंहगडाच्या पायथ्याकडं जाणार असाल तर उजाडल्यावर जा आणि अंधार पडायच्या आत परत या. बिबट्याला कुत्रं फार आवडतं, आणि ते कौतुकानं नव्हे.

टेकडीवर ऋतू बघून जायचं हे मी पैसे मोजून शिकलो. दिवाळीच्या आसपास गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. टप्पा तेव्हा वर्षाचा होता. टेकडीवरून आला आणि पुढचा उजवा पंजा चाटत बसला. दोन दिवस मी म्हटलं, ठेच लागली असेल. तिसऱ्या दिवशी दोन बोटांच्या बेचक्यात सूज आणि मधे टाचणीएवढं भोक. डॉक्टरांनी चिमट्यानं कुसळ ओढून काढलं, काळपट, टोकदार, मागं शेपटीसारखा केस. त्याचं टोक भाल्यासारखं असतं, त्यावर उलटी लव, त्यामुळं आत शिरतं पण मागं येत नाही. शेपटीला ओल लागली की तिचा पीळ सुटत ती गोल फिरते आणि टोक आणखी आत जातं. मला डॉक्टरांनी ओल्या कापसावर ठेवून दाखवलं, अळीसारखं वळवळत होतं. तेव्हापासून ऑक्टोबर ते डिसेंबर आम्ही गवतात जात नाही. गेलोच तर घरी आल्यावर चारही पंजे, काखा आणि कान तपासायचे. त्याच वेळी गोचीडही बघून होतात. थंडीत घोणस बाहेर दिसते, म्हणून पायवाट सोडून झुडपात नाक खुपसू द्यायचं नाही.

उन्हाळ्याचं सोपं आहे. हाताचा पालथा पंजा डांबरावर ठेवा, पाच-सात सेकंद ठेववला नाही तर कुत्र्यालाही चालवू नका. टेकडीवरचा काळा कातळ संध्याकाळी सातलासुद्धा तापलेला असतो, हे लोकांच्या ध्यानात येत नाही. पावसाळ्यात डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, उंदरांच्या मुतातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा आजार होतो. त्याची लस मिळते. रेबीजची तर हवीच, त्या दाखल्यावर महापालिकेचा परवानाही काढून ठेवा. कुणी भांडायला आलं की कागद कामाला येतो.

जागा ठरली की पहिले आठ दिवस फक्त अर्ध्या वाटेपर्यंत न्या. त्याला प्रत्येक खांब वाचू द्या, घाई करू नका. सोबत पाणी, आइस्क्रीमचा रिकामा डबा आणि जुने पेपर. शी उचलायची, दुसऱ्याच्या दारातली असली तरी आणि मोकळ्या प्लॉटवरची असली तरी. आमच्या गल्लीच्या टोकाला एक आजी रोज सडा घालतात. पहिल्या महिन्यात त्या मला बघून दार लावून घ्यायच्या. मी पेपर घेऊन वाकलेला त्यांनी चार-पाच वेळा पाहिला, आणि आता टप्प्यासाठी रात्रीची भाकरी कुंपणावर ठेवलेली असते. तो तिथं बसतो तो बसतोच, कितीही बेल द्या.