बर्फात डोझर चालवताय? आदल्या संध्याकाळच्या या चुका टाळा

काश्मीर आणि लडाख यांना जोडणाऱ्या झोजिलाच्या घाटात सकाळी डोझर सुरू झाला नाही, की सगळे इंजिनाभोवती गोळा होतात. बॅटरी बघ, सेल्फ मार. पण चूक बहुधा आदल्या संध्याकाळी झालेली असते. ऑपरेटरचे हात बधिर झालेले असतात. तो मशीन आहे तिथेच उभं करतो आणि बुखारीची, म्हणजे खोलीतल्या शेगडीची, ऊब गाठतो. सीमा रस्ते संघटनेत पुण्याच्या दिघीतल्या ग्रेफ (या संघटनेचं अभियंता दल) केंद्रातून अनेकजण जातात, त्यांत आपली पोरंही असतात. काळ्या मातीत बसलेला हात ३,५२८ मीटर उंचीवर नव्याने बसवावा लागतो. हे त्यांच्यासाठी लिहितोय.

चेन न झाडता मशीन उभं करणं

दिवसभर चेनमध्ये, म्हणजे डोझर ज्यावर चालतो त्या लोखंडी पट्ट्यात, बर्फ आणि चिखल ठासून बसतो. काम चालू असताना तो ओला असतो, रात्रीत त्याचा दगड होतो. सकाळी गिअर टाकला तरी मशीन हलत नाही, मग ऑपरेटर रेस वाढवून हिसका देतो. माझ्या मते सगळ्यात महागडी चूक हीच. त्या हिसक्यात फायनल ड्राइव्हवर (चेन फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरवर) नको तेवढा ताण येतो आणि चेनवर फिरणाऱ्या, पण आता गोठलेल्या रोलरचं सील फाटतं. सील फाटलं की ऑइल गळणार आणि रोलर कोरडा पडून जाणार.

काम संपलं की मशीन सपाट जागी दोन-चारदा मागेपुढे चालवा. स्प्रॉकेट (चेन ओढणारं दातेरी चाक), रोलर आणि आयडलर (पुढचं मोकळं चाक) यांच्या बेचक्यातला गाळ फावड्याने काढा आणि मशीन जाड फळ्यांवर चढवून उभं करा. ब्लेडही फळीवर टेकवा. तरीही चेन गोठलीच, तर आधी इंजिन आणि ऑइल गरम होऊ द्या, पहारीने बर्फ फोडा, मग लो गिअरमध्ये हळूहळू मागेपुढे करा. टेंभा पेटवून शेकायला जाऊ नका; तिथेच ग्रीस, डिझेल आणि रबरी होज असतात.

चेनचा झोलही असाच फसवतो. स्वच्छ चेनवर सकाळी बरोबर दिसणारा झोल, दात बर्फाने भरले की नाहीसा होतो. मग ताणलेली चेन तिच्या सांध्यांतले पिन-बुश आणि स्प्रॉकेट खात सुटते. म्हणून झोल कामाच्या स्थितीत, भरलेल्या चेनवरच मोजा. मधे भोक असलेले शू (चेनच्या पट्ट्या) मिळाले तर जरूर लावा, स्प्रॉकेटचा दात त्यातून बर्फ बाहेर ढकलतो. झोल वाढवायला चेन ताणणारं ग्रीस सोडताना व्हॉल्व्ह एका फेऱ्यापेक्षा जास्त उघडू नका आणि त्याच्या समोर तोंड नेऊ नका. त्या दाबाचं ग्रीस कातडी फोडून आत जातं.

इंजिन घेतं, पण टिकत नाही

इंजिन सुरू होतं, दोन मिनिटं चालतं आणि उपाशी असल्यासारखं दम टाकतं. बॅटरीला दोष देऊ नका, आधी डिझेल फिल्टर उघडा. डिसेंबरात डब्यातलं खोबरेल थिजतं तसं डिझेलमधलं मेण फिल्टरवर पांढुरकं जमलेलं दिसेल. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न थिजणारं हिवाळी डिझेल आणलं. पण टाकीत जुनं साधं डिझेल तसंच ठेवून वरून हे ओतलं, तर पैसे पाण्यात.

टाकी संध्याकाळीच भरा. रिकाम्या टाकीतल्या हवेला रात्री घाम सुटतो आणि ते पाणी तळाशी जाऊन गोठतं. सेपरेटरमधलं (डिझेलमधून वेगळं होऊन साचलेलं) पाणीही रात्रीपूर्वी, ते पातळ असतानाच सोडा.

कुलंट 'जास्त घातलं की जास्त चांगलं' हा गैरसमज फार पसरलेला आहे. कुलंटमधलं निव्वळ एथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपास गोठतं. पाण्यात अर्धंअर्धं मिसळलं तर उणे ३७ पर्यंत टिकतं.

बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर सहसा गोठत नाही. उतरलेली बॅटरी मात्र उणे दहाच्या आतच गोठू शकते. फुगलेल्या, गोठलेल्या बॅटरीला दुसरीवरून करंट देऊ नका, ती फुटते.

इंजिन सुरू झालं की लगेच ब्लेड मारायची घाई नको. हायड्रॉलिक ऑइल काकवीसारखं घट्ट असतं, ब्लेड आधी सावकाश वरखाली करून ते फिरू द्या. आणि इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपू नका, कधीच नाही. सायलेन्सरभोवती बर्फ साचला की धूर आत शिरतो.

दरीकडची कड

झोजिला पूर्वी पाच-सहा महिने बंद राहायचा; २०२३ मध्ये तो ६८ दिवसांत उघडला. या घाईचं ओझं ऑपरेटरच्या खांद्यावर असतं, हे मला ठाऊक आहे. तरी कडेला घाई नको. दरीकडे बर्फाची झालर पुढे आलेली असते आणि तिच्याखाली जमीन नसते. ब्लेड कडेच्या बरंच अलीकडे थांबवा; आधीचा ढीग नंतरच्या ढिगाने ढकला. आडव्या उतारावर लोखंडी शू सरळ घसरतात, म्हणून सरळ चढा, सरळ उतरा, ब्लेड जमिनीलगत ठेवा. कामाला लागण्यापूर्वी चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा विचारून घ्या. वरच्या उतारावर ऊन आलं की त्याचा पायथा खणू नका. इंजिनाच्या आवाजात तुम्हाला काहीच ऐकू येत नाही, म्हणून एक माणूस फक्त वर नजर ठेवायला उभा करा, आणि तुम्ही दोघं आधीच ठरवा: त्याने लाल झेंडी दाखवली की ब्लेड उचलायचं आणि मागे यायचं, ढीग अर्धा असला तरी.