एका सिम्युलेशन गेमचा एआय दुसऱ्या गेममध्ये नेताना

शहर उभारणीच्या गेममधला नागरिक आणि शेतीच्या गेममधला मजूर एकाच पद्धतीने निर्णय घेतात: भूक किती, थकवा किती, जवळ काय आहे, आत्ता काय करणं फायद्याचं. तरीही कोड जसाच्या तसा उचलून नेला तर चालत नाही, कारण त्यात 'घर', 'रस्ता', 'दुकान' जागोजागी मुरलेले असतात. आधी तेच उपसून काढा.

एआय आणि गेम यांच्यात दोनच दारं ठेवा: माहिती विचारायची आणि आज्ञा द्यायची. एआयने 'घर कुठे?' न विचारता 'विश्रांती कुठे मिळेल?' असं विचारावं. 'द सिम्स'मध्ये (2000) हेच होतं. आपण कोणती गरज भागवतो हे वस्तूच जाहीर करते, त्यामुळे नवी वस्तू आली तरी पात्रांचा कोड बदलावा लागत नाही. आज्ञा नाकारली गेली तर कारणासकट उत्तर परत यायलाच हवं. ते आलं नाही, तर पात्र बंद दारावर प्रत्येक टिकला (म्हणजे गेमच्या हिशेबाच्या प्रत्येक ठोक्याला) धडकत राहतं.

यानंतर आकडे. एका गेममध्ये भूक 100 म्हणजे पोट भरलेलं, दुसऱ्यात उपाशी. सगळं 0 ते 1 मध्ये आणा आणि दिशा एकच ठेवा. कृती निवडताना निकषांचे (भूक, अंतर वगैरे) गुण गुणाकाराने जोडत असाल तर सांभाळा: 0.9 गुणांचे दोन निकष 0.81 देतात, पाच निकष 0.59. नव्या गेममध्ये एखाद्या कृतीला निकष वाढले की ती विनाकारण मागे पडते. गुणोत्तर मध्य (जितके निकष, गुणाकाराचं तितकंवं मूळ) घेतला की हा अन्याय टळतो. पात्र दोन कामांमध्ये हेलकावे खात असेल तर चालू कामाला थोडे जादा गुण द्या.

पात्रांचा विचार फ्रेमला, म्हणजे पडद्यावर चित्र बदलण्याच्या वेगाला, बांधू नका. सेकंदाला 10 टिक धरा, 1000 पात्रं आयडीनुसार दहा गटांत वाटा. मग एका टिकला 100 पात्रं विचार करतात आणि प्रोसेसरवर एकदम भार येत नाही. गेम तिप्पट वेगाने चालवताना टिकची लांबी न वाढवता संख्या वाढवा, नाहीतर पात्रं थांब्याच्या पुढे निघून जातात.

पाथफाइंडिंग, म्हणजे रस्ता शोधणं, वेगळा भाग म्हणूनच ठेवा. चार दिशांच्या ग्रिडवर ए-स्टार या रस्ता शोधण्याच्या पद्धतीला उरलेल्या अंतराचा अंदाज म्हणून मॅनहॅटन अंतर (आडवे आणि उभे चौकोन मिळून) चालतं. आठ दिशांच्या ग्रिडवर तोच अंदाज खऱ्या अंतरापेक्षा जास्त भरतो, आणि सर्वांत जवळचा रस्ता मिळण्याची खात्री जाते. तिथे तिरक्या पावलांचाही हिशेब धरणारं ऑक्टाइल अंतर वापरा. नॅव्हमेश (चालता येईल अशा जागेचा जाळीसारखा नकाशा) हवा असेल तर रीकास्ट-डीटूर ही तयार कोड लायब्ररी झेडलिब या मोकळ्या परवान्याखाली आहे, व्यावसायिक गेमलाही चालतं. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याचा कोड घेताना मात्र त्याच्या अटी आधीच वाचा.

एआयचा रँडम जनरेटर स्वतंत्र असावा, त्याची स्थिती सेव्ह फाइलमध्ये जावी. लॉकस्टेप मल्टिप्लेअरमध्ये (जिथे प्रत्येक मशीन तोच खेळ स्वतः हिशेब करून चालवतं) दशांशांचे हिशेब दोन मशीनवर किंचित वेगळे आले तरी खेळ फाटतो, म्हणजे दोघांकडे वेगवेगळा होतो. तिथे पूर्णांक वापरा, आणि हॅश टेबलच्या (ज्या यादीचा क्रम ठरलेला नसतो तिच्या) क्रमावर कुठलाही निर्णय सोडू नका.

शेवटी ग्राफिक्सशिवायचं छोटं जग बनवा, एकाच सीडने (रँडम जनरेटरच्या सुरुवातीच्या आकड्याने) 10,000 टिक दोनदा चालवा आणि निर्णयांच्या नोंदी ताडून पाहा. पहिली वेगळी ओळ जिथे दिसेल, तिथूनच शोध सुरू करा.