फुटबॉल मॅनेजरची ऑनलाइन लीग: आधी घड्याळाचे नियम, मग ट्रान्सफरचे

आठ-दहा जणांनी मिळून फुटबॉल मॅनेजरमध्ये, म्हणजे एकेकाने एकेक क्लब चालवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये, ऑनलाइन लीग काढायची ठरली, की पहिलं भांडण क्लबांवरून होतं आणि नियमावलीतलं सगळ्यात लांब कलम असतं चीटिंगचं. चीटिंगमुळे लीग क्वचितच बंद पडते. ती बंद पडते ताटकळून. सगळ्यांनी ‘कंटिन्यू’ दाबल्याशिवाय गेममधला दिवस पुढे सरकत नाही. एकाने ते दाबलं नाही म्हणून सात जण मोबाइल चाळत बसतात आणि तिसऱ्या आठवड्यात त्या सातांतले तिघे उगवतच नाहीत. त्यामुळे नियम लिहायला बसाल तेव्हा वेळेचे आधी लिहा. बाकीचे नंतर लिहिले तरी चालतात.

लीग निवडणं हाही वेळेचाच प्रश्न. इंग्लंडच्या वरच्या लीगमध्ये २० क्लब, ३८ सामने आणि त्यावर दोन देशांतर्गत कप. जर्मनीच्या बुंडेसलिगात १८ क्लब, ३४ सामने आणि एकच कप. त्या कपात ६४ संघ असतात, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत पोचलात तरी सहाच लढती. शिवाय हिवाळ्याची सुट्टी मिळते. इंग्लंड सोडून जर्मनी घेतली, की दर सीझनला दोन-तीन बैठका सहज वाचतात. आठ जणांसाठी आमची शिफारस बुंडेसलिगाचीच. सगळ्यांनी एकाच लीगमध्ये असावं. एक जण स्पेनमध्ये आणि दुसरा इटलीत असला, तर दोघांची गाठ युरोपच्या स्पर्धेत पडलीच तर पडते. मग आठ जण आठ वेगळे गेम खेळत असतात, फक्त एकमेकांसाठी थांबून. एफसी गोवा नाहीतर मुंबई सिटी घेऊन आपल्याकडची लीग खेळायचा मोह होतो, पण तिथला खेळाडूंचा बाजार लहान. पहिल्या दोन ट्रान्सफर विंडोंनंतर (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा ठरावीक काळ) विकत घेण्याजोगं फारसं उरत नाही.

बायर्न म्युनिक कुणालाच देऊ नका. २०१३ ते २०२३ सलग ११ वेळा विजेतेपद पटकावलेला क्लब एखाद्याच्या पदरात टाकला, की बाकीचे दुसऱ्या नंबरासाठी खेळतात. तो कॉम्प्युटरकडे राहिला, तर उलट सगळ्यांना मिळून एक शत्रू मिळतो. उरलेल्या १७ मधून चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा आणि त्या क्रमाने ज्याने त्याने आपला क्लब उचलावा. क्लब उचलायला २४ तास. तेवढ्यात उचलला नाही, तर नंबर शेवटी.

आता गेम उभा करताना. नवीन गेमच्या प्रगत सेटिंगमध्ये पाच गोष्टी आधीच करून घ्या, कारण सुरुवात झाल्यावर यातल्या बहुतेक बदलता येत नाहीत. डेटाबेस लहान ठेवा आणि खेळण्याजोगा देश एकच, फार तर दोन निवडा. निवडलेल्या प्रत्येक देशागणिक दिवस पुढे सरकायला जास्त वेळ लागतो आणि तो आठही जणांचा जातो. इन-गेम एडिटरला (गेममधले आकडे हवे तसे बदलायचं साधन) बंदी घालणारा पर्याय चालू करा. खेळाडूंच्या क्षमता झाकून ठेवणारा पर्याय चालूच असू द्या. तो बंद असला, की सगळ्यांना सगळं दिसतं आणि पहिल्याच दिवशी आठ जण त्याच पाच पोरांच्या मागे धावतात. पहिली ट्रान्सफर विंडो बंद ठेवा आणि पहिल्या सीझनचं खरेदीचं बजेट काढून टाका. हे दोन पर्याय टाळले, तर जुलै-ऑगस्ट ओलांडायलाच चार बैठका जातात आणि चेंडूला अजून लाथ बसलेली नसते.

सगळ्यांकडे गेमची आवृत्ती एकच हवी. गेम जिथून विकत घेतला जातो त्या स्टीमवर अपडेट आपोआप उतरतं. एकाकडे ते उतरलं आणि दुसऱ्याकडे नाही, की बैठकीतला पहिला अर्धा तास त्यातच जातो. अपडेट आलं तर सगळ्यांनी बैठकीच्या आदल्या दिवशी करून घ्यायचं, बैठकीच्या दिवशी नाही.

होस्ट आणि लीगचालक (नियम राबवणारा, वाद मिटवणारा) या दोन वेगळ्या व्यक्ती असाव्यात. होस्टच्या मशीनवर गेम चालतो, सेव्ह फाइल त्याच्याकडे असते आणि तो स्वतः एक क्लबही चालवत असतो. वादाचा निवाडाही त्यानेच द्यायचा म्हटलं, तर निवाडा बरोबर असूनही कुणी मानत नाही. होस्टकडे चांगला प्रोसेसर आणि वायरचं इंटरनेट पाहिजे. वाय-फायवर होस्ट करणाऱ्याचा राउटर अडखळला, की आठही जण बाहेर फेकले जातात. बाकीच्यांचं इंटरनेट साधं असलं तरी भागतं. कंट्रोलर हातात घेऊन खेळायच्या गेममध्ये मुंबई-न्यू जर्सी सामना म्हणजे छळ असतो. इथे क्लिक पाव सेकंद उशिरा पोचलं तर काही बिघडत नाही. परदेशात पांगलेल्या मित्रांसाठी हा प्रकार सोयीचा आहे तो यामुळेच.

बैठकीची वेळ फक्त भारतीय प्रमाणवेळेत जाहीर करा. शनिवारी रात्री ९ म्हणजे दुबईत संध्याकाळचे साडेसात, लंडनमध्ये हिवाळ्यात दुपारचे साडेतीन आणि उन्हाळ्यात साडेचार, न्यू जर्सीत सकाळचे साडेदहा किंवा साडेअकरा. घोळ होतो तो मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, ब्रिटनची मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मधल्या आठवड्यांत एक जण हमखास तासभर आधी नाहीतर उशिरा येतो. त्या आठवड्यांत आदल्या रात्री आठवण टाका.

बैठक तीन तासांची, आठवड्यातून दोन. आठ जण असताना विंडो बंद असेल, तर तीन तासांत गेममधला साधारण एक महिना सरतो. विंडो उघडी असेल तर अर्धाच. या हिशेबाने सीझनला सात-आठ आठवडे लागतात. सुरुवातीलाच हे सगळ्यांना सांगा, म्हणजे परीक्षा किंवा लग्नसराई असलेले आधीच बाजूला होतात.

मिनिटांचे आकडे नियमावलीत लिहूनच ठेवा. साध्या दिवशी कंटिन्यू दाबायला ९० सेकंद, विंडो उघडी असताना तीन मिनिटं, विंडोच्या शेवटच्या दिवशी दहा मिनिटं, सामन्याआधी संघ लावायला चार मिनिटं, मध्यंतराला दीड मिनिट. गेममध्ये वेळमर्यादा लावायची सोय आहे. ती लावा आणि मोडू देऊ नका. ‘एकच मिनिट थांब’ हे वाक्य एका बैठकीत आठ जणांनी दोन-दोनदा म्हटलं, तर पाव तास गेलाच समजा. सामन्याचे ठळक क्षण ‘की’ (Key, म्हणजे फक्त महत्त्वाचे) या पातळीवरच सगळ्यांनी ठेवायचे. ज्याचा सामना शेवटी संपतो त्याच्यासाठी सगळे अडकतात, त्यामुळे एकाला पूर्ण सामना बघायची हौस असली तर ती त्याने आपल्या एकट्याच्या गेममध्ये भागवावी.

गैरहजेरीसाठी गेमची ‘हॉलिडे’ सोय वापरा. येणार नसलेल्याने आधीच्या बैठकीच्या शेवटी सुट्टीवर जायचं आणि दोन खुणा करायच्या: शक्य तिथे सध्याचेच डावपेच वापरा, आणि माझ्या खेळाडूंसाठी आलेले सगळे प्रस्ताव नाकारा. ही दुसरी खूण राहिली, तर गेममधला असिस्टंट मॅनेजर तुमचा स्ट्रायकर विकून मोकळा होतो आणि तो विकला गेला म्हणून मागे जाता येत नाही. न सांगता दोनदा गैरहजर राहिला, की क्लब प्रतीक्षा यादीतल्या माणसाला. यादीत दोन नावं कायम असावीत.

आता ट्रान्सफर. कॉम्प्युटरच्या क्लबाशी काय व्यवहार करायचा तो करा, भांडणं होतात ती माणसामाणसांतल्या व्यवहारावरून. मित्राला आपला चांगला बॅक कवडीमोलाने देणं, किंवा गेममधलं क्लबाचं बोर्ड आपल्याला हाकलणार हे कळल्यावर जाता जाता अर्धा संघ दोस्ताकडे वळवणं, हे जुने प्रकार आहेत. साधा नियम पुरतो: गेम खेळाडूची किंमत ज्या पट्ट्यात दाखवतो, त्याच्या खालच्या आकड्याहून कमी किमतीत माणसामाणसांत विक्री नाही. प्रत्येक व्यवहार ग्रुपवर आधी जाहीर करायचा आणि पुढच्या बैठकीपर्यंत आक्षेपाला वाव ठेवायचा. दोन माणसांत एका वेळी एकच लोन (खेळाडू काही काळ उसना देणं) आणि लोनवर गेलेला खेळाडू मूळ क्लबाविरुद्ध उतरणार नाही, हे करारातच घालायचं. ज्याची नोकरी धोक्यात आहे त्याने माणसाला विकायचं नाही.

हप्त्यांची पळवाट वेगळी सांगायला हवी. कॉम्प्युटरचे क्लब आज थोडे आणि पुढच्या चार वर्षांत बाकीचे, असा प्रस्ताव पुष्कळदा मान्य करतात. त्यात खिशात नसलेल्या पैशांतून संघ उभा राहतो आणि बजेटला अर्थ उरत नाही. एकूण किमतीचा निम्मा भाग रोख, हे बंधन माणूस आणि कॉम्प्युटर दोघांशी होणाऱ्या व्यवहारांना लावा. करार संपायला सहा महिने उरलेल्या खेळाडूशी जानेवारीत बोलणी करणं मात्र चालू द्या. करार संपलेल्या खेळाडूला फुकट क्लब बदलायची मुभा देणाऱ्या १९९५ च्या बोस्मन निकालापासून खऱ्या फुटबॉलमध्येही तेच चालतं आणि ज्याने करार वाढवला नाही त्याची चूक त्याची. दुसऱ्याच्या खेळाडूबद्दल जाहीर आस्था दाखवून त्याला बिथरवणं हे डोकं तापवणारं असलं, तरी बंद करू नका. कोल्हापुरात पेठांच्या तालमींच्या ईर्ष्येवर शाहू स्टेडियम भरतं. ईर्ष्या नसेल तर हे सगळं एक्सेल शीट भरण्यासारखंच आहे.

सेव्ह फाइलचं कलम एका वाक्याचं ठेवा: गेम कोसळला तरच मागची फाइल उघडायची, दुसऱ्या कुठल्याही कारणाने नाही. प्रत्येक सामन्याच्या दिवसाआधी सेव्ह, तीन फाइली आलटून पालटून, नावात सीझन आणि तारीख, आणि बैठक संपली की एक प्रत होस्टने सामाईक ड्राइव्हवर चढवायची. होस्टची डिस्क गेली तर लीग वाचते ती याच प्रतीमुळे. कोसळण्याआधी कुणी ४-० जिंकला असेल आणि परत खेळताना हरला, तर दुसरा निकाल ग्राह्य. स्क्रीनशॉट दाखवून काही होत नाही, कारण जुना निकाल गेममध्ये परत घालायची सोयच नाही. हे पहिल्या दिवशी सगळ्यांकडून ग्रुपवर ‘मान्य’ असं लिहून घ्या. सामन्यात एखाद्याचं इंटरनेट गेलं तर त्याचा संघ असिस्टंट सांभाळतो आणि निकाल तोच राहतो. एकाच वेळी निम्म्याहून जास्त जण बाहेर पडले तर मात्र ती होस्टची गडबड, मागची फाइल उघडा.

शिक्षा ठरवताना ती तपासता येईल का ते बघा. एडिटर बंद आहे, म्हणजे गेममध्ये कुणाचे गुण कापता येत नाहीत. म्हणून लीगचालकाने स्वतःची वेगळी गुणतालिका ठेवावी, गेममधले गुण जसेच्या तसे उतरवावेत आणि दंड तिथे वजा करावा. वेळमर्यादा तीनदा मोडली तर १ गुण, नियमबाह्य व्यवहार केला तर ३ गुण आणि पुढची विंडो बंद. बरोबरी झाली तर बुंडेसलिगाचाच क्रम लावा: आधी गोलफरक, मग केलेले गोल, मग आपसातले निकाल. बोर्डाने हाकललेल्याने रिकामी असलेली कुठलीही नोकरी धरावी, पण दुसऱ्या माणसाच्या क्लबावर सीझन संपेपर्यंत डोळा ठेवायचा नाही.

पैसे गोळा करू नका. प्रवेश फी घेऊन रोख बक्षीस वाटण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून, पैसे जिंकण्याच्या आशेने खेळले जाणारे ऑनलाइन गेम बंद केले आहेत, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. विजेत्याला पुढच्या सीझनला क्लब पहिला निवडायला द्या.

नियमात बदल करायचा तो फक्त दोन सीझनच्या मधल्या आठवड्यात, मतदानाने, आठातले सहा बाजूने असतील तरच. सीझन चालू असताना कुणी नवा नियम सुचवला, तर तो बहुतेक वेळा कालच्या त्याच्या पराभवावरून सुचलेला असतो. वहीत नोंदवून ठेवा आणि कंटिन्यू दाबा.