सिरीज चालली की पडली, हे आकड्यांवरून कसं ओळखायचं

साय-फाय सिरीज आली की आठवड्याभरात दोन बातम्या हमखास येतात. एकीत सिरीजने विक्रम मोडलेले असतात, दुसरीत प्रेक्षकांनी तिच्याकडे पाठ फिरवलेली असते. गंमत म्हणजे बऱ्याचदा दोन्ही बातम्या खऱ्या असतात. मी बरीच वर्षं पुण्यात बाजार-सर्वेक्षणाच्या एका कंपनीत फिल्डवर होते. दारोदार जाऊन 'काल रात्री काय पाहिलंत' हे विचारायचं काम. आता घरी बसून सिरीजवर लिहिते, आणि भाच्यापासून सोसायटीतल्या काकूंपर्यंत सगळे एकच विचारतात, 'चालली का गं ती?' याचं उत्तर मी कसं काढते ते सांगते. उदाहरणाला नेटफ्लिक्सची 'थ्री बॉडी प्रॉब्लेम' घेऊ. सगळे गुंते तिच्यात एका जागी सापडतात.

सगळ्यात आधी पाहायचं, मोजलंय काय. नेटफ्लिक्स दर मंगळवारी आपली टॉप १० यादी टाकतं. त्यात सोमवार ते रविवार असा आठवडा धरलेला असतो आणि आकडा असतो 'व्ह्यूज'चा. हा व्ह्यू म्हणजे माणूस नव्हे. लोकांनी ती सिरीज एकूण जितके तास पाहिली, त्याला सिरीजच्या एकूण लांबीने भागायचं, की झाले व्ह्यूज. तुमच्या घरात चौघांनी सोफ्यावर बसून सगळे भाग पाहिले तरी तो एकच व्ह्यू. आणि आठ भागांची सिरीज चौघांनी आपापल्या घरी दोन-दोन भाग पाहून सोडून दिली, तरी मिळून साधारण एकच. म्हणजे चार समाधानी माणसं आणि चार कंटाळलेली माणसं यादीत सारखीच दिसतात. किती जणांनी शेवटपर्यंत पाहिली, हा आकडा कंपनीकडे असतो. तो ती छापत नाही.

भागाकाराने काय उलथापालथ होते ते बघा. 'स्ट्रेंजर थिंग्ज'चा चौथा सीझन पहिल्या ९१ दिवसांत १८३.८ कोटी तास पाहिला गेला. 'वेन्सडे'चा पहिला सीझन तेवढ्याच दिवसांत १७१.८८ कोटी तास. तासांवर गेलात तर 'स्ट्रेंजर थिंग्ज' पुढे. पण तिची लांबी आहे १३ तास ४ मिनिटं आणि 'वेन्सडे'ची ६ तास ४९ मिनिटं. भागून बघा: १४.०७ कोटी व्ह्यूज विरुद्ध २५.२१ कोटी. क्रम उलटा झाला. शिवाय नेटफ्लिक्सने मापंच बदललीत. आधी एखाद्या भागाचा ७० टक्के हिस्सा पाहिला तर मोजायचे, २०२० च्या सुरुवातीपासून दोन मिनिटं पाहिलं तरी मोजायला लागले, २०२१ च्या अखेरीला तासांवर आले आणि जून २०२३ पासून व्ह्यूजवर. त्याच वेळी 'सर्वाधिक लोकप्रिय' यादीची मुदत २८ दिवसांवरून ९१ दिवसांवर नेली. म्हणून २०२० ची बातमी आणि २०२४ ची बातमी शेजारी ठेवून कोणी तुलना करत असेल, तर तो लेख तिथेच मिटवावा.

यानंतर दिवस मोजा. ही पायरी मी कधीच गाळत नाही, आणि बातमी लिहिणारे जवळजवळ नेहमी गाळतात. 'थ्री बॉडी प्रॉब्लेम' आली २१ मार्च २०२४ ला, गुरुवारी. पहिल्या आठवड्याच्या यादीत तिला १.१ कोटी व्ह्यूज मिळाले, दुसऱ्या आठवड्यात १.५६ कोटी. 'दुसऱ्या आठवड्यात उसळी' असं लिहायला हात शिवशिवतात. पण पहिल्या आठवड्यात तिला गुरुवार ते रविवार असे चारच दिवस मिळाले होते. १.१ कोटीला ४ ने भागा: दिवसाला साडेसत्तावीस लाख. १.५६ कोटीला ७ ने भागा: दिवसाला सुमारे सव्वाबावीस लाख. उसळी कसली, दिवसामागे घटच होती. तरी ही घट वाईट म्हणता येत नाही. सिरीज येताच लोक तुटून पडतात आणि मग ओसरतात, हे सगळ्यांचंच होतं. दुसऱ्या आठवड्यात पाचातले चार टिकले, तर लोक एकमेकांना 'बघ' म्हणून सांगतायत असं मी धरते. हा माझा ठोकताळा आहे, कोणत्या पुस्तकातला नियम नाही.

(इंग्रजी बातमीत आकडा मिलियनमध्ये असतो. १० मिलियन म्हणजे १ कोटी. कागदावर आधी कोटीत मांडून घ्या, नाहीतर शून्यं चुकतात.)

मोजलं कोणी, हा प्रश्न त्याच्या जोडीला. कंपनीने स्वतः सांगितलेला आकडा आणि बाहेरच्याने मोजलेला आकडा एका ओळीत बसवू नका. अमेरिकेत नील्सन ही संस्था स्ट्रीमिंगची मिनिटं मोजते. ती फक्त अमेरिकेतली, तीही टीव्हीच्या पडद्यावर पाहिलेली; मोबाइलवर लोकलमध्ये उभं राहून पाहणारा तिच्या हिशेबात नाही. आकडे जवळपास महिनाभर उशिरा येतात आणि एका सिरीजचे सगळे सीझन एकत्र मोजले जातात, त्यामुळे जुन्या, लांबलचक मालिकांचं पारडं आपोआप जड होतं. स्टार वॉर्सच्या जगातली 'द अकोलाइट' जून २०२४ मध्ये आली तेव्हा डिस्नेने पाच दिवसांत १.११ कोटी व्ह्यूज जाहीर केले आणि मथळे झळकले. नील्सनच्या हिशेबात तिची सुरुवात ४८.८ कोटी मिनिटांनी झाली आणि शेवटच्या भागाच्या आठवड्यात मिनिटं ३३.५ कोटींवर आली. तोवर आठही भाग उपलब्ध होते, म्हणजे पाहायला माल जास्त आणि पाहिलेली मिनिटं कमी. ऑगस्टमध्ये सिरीज बंद झाल्याची बातमी आली. पहिल्या पाच दिवसांच्या मथळ्यावर विसंबलेल्यांना ती धक्कादायक वाटली, नील्सनचे आकडे पाहणाऱ्यांना नाही.

आपल्याकडे टीव्हीची टीआरपी बार्क ही संस्था मोजते, पण स्ट्रीमिंगचे भारतातले आकडे म्हणून जे फिरतात ते बहुतेक ऑरमॅक्स मीडिया या मुंबईच्या संस्थेचे अंदाज असतात. ते प्रेक्षकांना विचारून काढलेले असतात: किमान एक भाग पूर्ण पाहिला का, किंवा भाग लांब असेल तर किमान अर्धा तास. विचारून काढलेल्या आकड्याबद्दल मला माया आहे आणि संशयही. हडपसरच्या एका घरात आजोबा मला ठासून सांगत होते, 'आमच्याकडे बातम्यांशिवाय काही लागत नाही.' आतल्या खोलीत मालिकेचं शीर्षकगीत चालू होतं आणि आजोबांचा अंगठा खुर्चीच्या हातावर बरोबर तालात पडत होता. सूनबाई दाराआडून माझ्याकडे बघून हसल्या. मी फॉर्मवर 'बातम्या' असंच लिहिलं. उत्तर देणारा सांगेल ते लिहायचं, हा नियम. साय-फायच्या बाबतीत हे उलट्या बाजूने होतं. भौतिकशास्त्रावरची सिरीज पाहिली म्हणायला बरं वाटतं, मग पहिल्या भागात झोप लागली असली तरी. आता समीक्षकांकडे वळू.

समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या साइटची टक्केवारी हे गुण नव्हेत. किती टक्के समीक्षकांनी एकंदरीत बरं म्हटलं, एवढंच ती सांगते. दहाच्या दहा समीक्षकांनी 'ठीक आहे, बघायला हरकत नाही' असं लिहिलं तर १०० टक्के. सहा जण वेडे झाले आणि चौघांनी नावं ठेवली तर ६० टक्के. माझ्या मते दुसरी सिरीज बघण्यात जास्त मजा असते. मेटाक्रिटिक ही तशीच दुसरी साइट गुणांची सरासरी काढते, तीही काही समीक्षकांना जास्त वजन देऊन. म्हणून दोन्ही उघडायचे. टोमॅटोवर आकडा उंच आणि मेटाक्रिटिकवर सत्तरच्या आसपास असेल, तर समजा, लोकांना आवडली आहे पण कोणी प्रेमात पडलेलं नाही. 'थ्री बॉडी प्रॉब्लेम'चं साधारण असंच झालं.

पण आकड्यावर थांबू नका, चार परीक्षणं उघडून वाचा. समीक्षक सिरीज कशाशी ताडून बघतोय ते शोधा. ही सिरीज ल्यू त्सिशिन यांच्या चिनी कादंबरीवर आहे. नेटफ्लिक्सने तिच्या वर्तमानकाळातल्या कथेचा बराच भाग चीनमधून उचलून इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डच्या मित्रमंडळींत नेला. ज्याने कादंबरी वाचलीय तो या बदलाशी भांडतो, ज्याने टेन्सेंट या चिनी कंपनीची २०२३ ची ३० भागांची चिनी मालिका पाहिलीय तो वेगाबद्दल बोलतो, आणि ज्याने दोन्ही पाहिलं नाही तो पात्रांबद्दल. तिघांचे गुण एका सरासरीत टाकले जातात. चीनमध्ये नेटफ्लिक्स नाही, तरी आडवाटेने बघून तिथल्या लोकांनी माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीवरच्या पहिल्याच प्रसंगावरून समाजमाध्यमांवर रान उठवलं. गाजावाजा एवढा, आणि नेटफ्लिक्सच्या व्ह्यूजमध्ये त्या देशाचा रकानाच नाही. समीक्षकांना किती भाग आधी दाखवले होते, तेही परीक्षणात बघा. बऱ्याचदा पहिले काहीच असतात, आणि साय-फायमध्ये सगळा खेळ शेवटच्या दोन भागांत असतो.

प्रेक्षकांचे गुण मात्र चिमट्याने उचलावेत. रॉटन टोमॅटोजवर साडेतीन किंवा जास्त तारे दिले की मत अनुकूल धरतात. सिनेमासाठी तिकीट काढल्याची पडताळणी होऊ शकते, सिरीजला ती सोय नाही. न पाहताही तारे देता येतात. 'द अकोलाइट'ला समीक्षकांचा आकडा सत्तरीच्या घरात होता आणि प्रेक्षकांचा वीसच्या खाली. चिडलेल्या मंडळींनी घाईघाईत २००८ च्या 'अकोलाइट्स' नावाच्या भलत्याच सिनेमालाही झोडपलं. एवढी मोठी फट दिसली की तारखा बघायच्या. पहिल्या दोन दिवसांत एक-एक ताऱ्यांचा ढीग पडला असेल, तर ती मोहीम. हळूहळू, भागागणिक गुण उतरले असतील, तर ती खरी नाराजी.

पुढचा सीझन येणार का, हे वरच्या कशातूनच थेट कळत नाही. तिथे खर्च आणि करार बोलतात. 'थ्री बॉडी प्रॉब्लेम'च्या एका भागाला सुमारे २ कोटी डॉलर लागल्याचं छापून आलं होतं, म्हणून चांगले व्ह्यूज असूनही धाकधूक होती. मे २०२४ मध्ये नेटफ्लिक्सने कथा पूर्ण करण्यापुरते आणखी भाग करणार असं जाहीर केलं. 'द एक्सपान्स'चं उदाहरण तर याहून बोलकं. सायफाय नावाच्या अमेरिकी वाहिनीने ती मे २०१८ मध्ये बंद केली, कारण तिच्याकडे मुख्यतः थेट प्रक्षेपणाचे हक्क होते आणि लोक बघत होते स्ट्रीमिंगवर. चाहत्यांनी ॲमेझॉन स्टुडिओवरून विमानाने फलक उडवला, आणि त्याच महिन्यात जेफ बेझोस यांनी सिरीज वाचल्याची घोषणा केली. सिरीज तीच, प्रेक्षक तेच. एकाला तोट्याची, दुसऱ्याला हवीशी.

आणि कधीकधी आकडाच नसतो. ॲपल टीव्ही प्लसने फेब्रुवारी २०२५ मध्ये 'सेव्हरन्स' ही आपली सर्वाधिक पाहिलेली सिरीज झाल्याचं सांगितलं, 'टेड लासो'च्याही पुढे गेली म्हणे. किती लोकांनी, किती तास, एक अक्षर नाही. अशा वेळी हाताशी जे आहे तेवढंच मांडायचं: दुसरा सीझन संपताच, मार्च २०२५ मध्ये तिसरा जाहीर झाला, त्या वर्षी एमी या अमेरिकी टीव्ही पुरस्कारांची २७ नामांकनं मिळाली, इतर कोणत्याही मालिकेपेक्षा जास्त. प्रेक्षकसंख्येच्या जागी 'ॲपलच्या म्हणण्यानुसार' लिहा आणि पुढच्या परिच्छेदाला लागा.