जुन्या एफपीजीए बोर्डला कुठलं सॉफ्टवेअर लागेल, ते चिपवरच्या नंबरवरून ओळखा

जुना एफपीजीए बोर्ड (एफपीजीए म्हणजे आतलं सर्किट आपणच सॉफ्टवेअरने ठरवतो अशी चिप) हातात आला की बहुतेक जण लगेच लेटेस्ट सॉफ्टवेअर डाउनलोडला लावतात, कित्येक जीबी उतरवतात, इन्स्टॉल करतात आणि मग कळतं की लिस्टमध्ये आपली चिपच नाहीये. म्हणून आधी चिप वाचा.

टॉर्च तिरका धरा, समोरून उजेड मारला तर अक्षरं दिसत नाहीत, मग मोबाइलने फोटो काढून झूम करा. नंबर 'एक्ससी'ने सुरू होत असेल तर चिप झायलिंक्स कंपनीची, 'ईपी'ने असेल तर अल्टेराची. झायलिंक्सवर पॅकेजच्या कोडनंतर शेवटचे चार आकडे असतात, ते चिप कधी बनली ते सांगतात, १३२१ म्हणजे २०१३ चा २१वा आठवडा.

आता थोडा इतिहास, कारण सगळा घोळ तिथूनच आलाय. झायलिंक्स १९८४ मध्ये सॅन होजेला सुरू झाली, रॉस फ्रीमन, बर्नार्ड व्हॉन्डरश्मिट आणि जिम बार्नेट, तिघेही आधी झायलॉग या चिप कंपनीत होते. फ्रीमन यांचं म्हणणं असं की ट्रान्झिस्टर स्वस्तच होत जाणार, मग थोडे वाया गेले तरी चालतील, पण सर्किट कसं असावं ते चिप विकत घेणाऱ्याला ठरवू द्या. त्या काळात ट्रान्झिस्टर जपून वापरायचे, तेव्हा हे बोलायला खरंच हिंमत लागली असणार. १९८५ ला एक्ससी२०६४ आली, आत ६४ लॉजिक ब्लॉक (सर्किट ज्यातून बनतं ते छोटे भाग), नावातले ६४ तेच. स्वतःचा कारखाना नव्हता, चिप जपानच्या सेइकोकडून बनवून घेतल्या. फ्रीमन १९८९ मध्येच गेले, आपल्या कल्पनेचं पुढे काय झालं ते त्यांना फारसं बघायलाच मिळालं नाही.

पुढे २०१२ मध्ये कंपनीने विवाडो हे नवं सॉफ्टवेअर आणलं आणि ते फक्त ७ सिरीज आणि त्यापुढच्या चिपसाठी ठेवलं. म्हणून एक्ससी७ने सुरू होणारा नंबर असेल तर विवाडो. एक्ससी३एस म्हणजे स्पार्टन-३ आणि एक्ससी६एसएलएक्स म्हणजे स्पार्टन-६, या दोघांना आधीचं सॉफ्टवेअर आयएसई लागतं, त्याचं शेवटचं व्हर्जन १४.७. विंडोज १० साठी वेगळं १४.७ आहे पण ते फक्त स्पार्टन-६ चालवतं, त्यामुळे स्पार्टन-३ वाल्यांनी २०१३ चं मूळ १४.७ च घ्या. अल्टेराचं सॉफ्टवेअर क्वार्टस, त्यात ईपी२सी म्हणजे सायक्लोन २ असेल तर १३.० सर्व्हिस पॅक १ च्या पुढे जाऊ नका.

शोधताना कंपनीचं नाव बदललेलं दिसेल, गोंधळू नका. झायलिंक्स फेब्रुवारी २०२२ पासून एएमडीकडे आहे. अल्टेरा २०१५ मध्ये इंटेलने घेतली होती, २०२५ मध्ये ५१ टक्के हिस्सा सिल्व्हर लेक या गुंतवणूक कंपनीकडे गेला.

पहिलं डिझाइन चिपमध्ये टाकलं, एलईडी ब्लिंक झाला, पॉवर काढून परत लावली आणि सगळं गायब, तर बोर्ड बिघडलेला नाही. एक्ससी२०६४ पासून हे असंच आहे, डिझाइन एसरॅम या तात्पुरत्या मेमरीत बसतं, पॉवर गेली की पुसलं जातं. डिझाइनची बिट फाइल जेटॅगने (कॉम्प्युटरवरून चिपशी जोडणारी केबल) थेट चिपमध्ये जाते, कायमचं ठेवायचं तर आयएसईमधल्या आयम्पॅक्ट या टूलमधून एमसीएस फाइल बनवा आणि शेजारच्या फ्लॅश मेमरीत लिहा, तिथलं पॉवर गेली तरी टिकतं.