जुन्या सीडीवर मोजा विवर्तन: लाल लेसरपासून क्ष-किरणांपर्यंत

बारीक फटीतून गेलेला प्रकाश पसरतो, याला विवर्तन म्हणतात. ओळीने अनेक फटी असल्या की तो ठरावीक दिशांनाच जातो. कोन किती, हे तरंगलांबी आणि दोन फटींमधलं अंतर यांच्या गुणोत्तरावर ठरतं. सूत्र घोकण्यापेक्षा एकदा मोजून पाहा.

रद्दीतली रेकॉर्डेबल सीडी घ्या. तिच्यावरचे बारीक गोलाकार चर इथे फटींचं काम करतात. छापील बाजूवर कटरने एक चरा ओढा, त्यावर रुंद चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात उपटा. चंदेरी पापुद्रा सुटून येतो. सगळा निघाला नाही तरी बिघडत नाही, लेसर जाईल एवढी जागा मोकळी झाली की पुरे.

आता चकती भिंतीला समांतर, बरोबर ५० सेंमीवर उभी करा. लाल लेसर पॉइंटर भिंतीकडे काटकोनात रोखा, पण चकतीच्या डाव्या किंवा उजव्या कडेच्या मध्यातून. तिथे चर उभे असतात, म्हणून ठिपके आडव्या रेषेत पडतात. लेसर कुणाच्या डोळ्यांत जाता कामा नये. चकतीवरून परतणारा झोतही तितकाच घातक.

मधल्या ठिपक्यापासून शेजारचा ठिपका साधारण २२ सेंमीवर दिसेल. चकतीपासून त्या ठिपक्यापर्यंत दोरा ताणून तिरकी लांबी मोजा, ती ५४.७ सेंमीच्या आसपास भरते. नेमकं अंतर २२.२ धरलं तर २२.२ भागिले ५४.७ म्हणजे ०.४०६. हा त्या कोनाचा साइन, आणि तोच तरंगलांबी भागिले चरांमधलं अंतर. लेसरची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर असेल, तर तिला या आकड्याने भागा: सुमारे १६०० नॅनोमीटर. सीडीच्या दोन चरांमधलं अंतर खरोखर तेवढंच असतं! हिरवा लेसर (५३२ नॅनोमीटर) लावलात तर ठिपका आत, साडेसतरा सेंमीवर सरकतो.

क्ष-किरणांचं काय? प्रयोगशाळेत तांब्यापासून मिळणाऱ्या क्ष-किरणांची तरंगलांबी ०.१५४ नॅनोमीटर. याच चरांनी ते ५० सेंमीवर जेमतेम ०.०५ मिमी सरकतील, म्हणजे कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. त्यांना अणूंच्या थरांइतक्या जवळजवळ ओळी असलेली जाळी हवी. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ माक्स फॉन लाउए यांनी ती स्फटिकात हेरली. १९१२ मध्ये म्युनिकला फ्रीडरिश आणि क्निपिंग यांनी मोरचुदाच्या स्फटिकातून क्ष-किरण सोडले आणि फोटोच्या काचेवर ठिपके उमटले. पुढे भौतिकशास्त्रज्ञ ब्रॅग पिता-पुत्रांनी त्यावरून अणूंची मांडणी वाचली. १९१५ चं नोबेल त्यांना मिळालं.

त्यांचं सूत्र वापरून स्वयंपाकघरातलं मीठ तपासा: अणूंच्या थरांमधलं अंतर ०.२८२ नॅनोमीटर. ०.१५४ ला त्याच्या दुपटीने भागलं की ०.२७३ येतात. हा कोनाचा साइन, म्हणजे १५.८ अंशांचा कोन. मूळ दिशेपासून किरण त्याच्या दुप्पट वळतो, म्हणून मिठाच्या क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात सर्वांत उंच शिखर ३१.७ अंशांजवळ असतं.